पहिला डेस्कटॉप घेताय? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

कॉलेजं सुरू झाली की या सदराकडे दरवर्षी एकाच विषयाची पत्रं येतात, कमी पैशात डेस्कटॉप जोडायचाय, काय घेऊ. यावेळी पत्रं जास्त आहेत आणि काळजीही जास्त आहे, कारण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे (चालू काम ठेवायची कॉम्प्युटरची मेमरी) भाव जगभर चढलेत, एआयच्या डेटा सेंटरांकडे कारखान्यांचा माल वळला आणि आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाला महाग पडायला लागलं, एसएसडीही (फाइली साठवायची वेगवान जागा) त्याच वाटेने गेली. त्यामुळे मागच्या वर्षी मोठ्या भावाने जेवढ्यात जोडला तेवढ्यात आता तोच कॉम्प्युटर बसत नाही. भाव आठवड्याला बदलतायत म्हणून मी इथे किमती छापत नाहीये, पण पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही ते मात्र खुलासेवार लिहिते.

प्रश्न : ताई, मी परभणी जिल्ह्यातला, डिप्लोमा करून आता पुण्यात डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटर ब्रँच. घरून ४५ हजार मिळालेत, त्यात मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळं आलं. एका दुकानात २४ हजारांचं कोटेशन दिलंय, आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, लाइटवाली कॅबिनेट. मित्र म्हणतात घेऊन टाक, पैसे वाचतायत. घेऊ का?

नको घेऊस. आणि का नको ते नीट समजून घे, कारण असलं कोटेशन तुला अजून चार दुकानांत मिळणार आहे.

त्या कागदावर आय७ लिहिलंय पण पुढचा आकडा लिहिलेला नाही. इंटेलच्या नावातल्या आय३, आय५, आय७ वरून एवढंच कळतं की त्या वर्षीच्या मालात तो वरचा का खालचा, माल कुठल्या वर्षीचा ते कळतं पुढच्या आकड्यावरून. आय७-३७७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. आय३-१२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची. दोघांनाही कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) चारच, पण हा आय३ त्या आय७ ला सहज मागे टाकतो. एवढ्या पैशात सगळ्यासकट आय७ मिळतोय म्हटल्यावर तो बहुतेक कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो आणि त्याच्याखाली एच६१ चिपसेटचा कुठल्यातरी अनोळखी नावाचा नवा बोर्ड (मदरबोर्ड, सगळे भाग ज्यावर बसतात तो) बसवलेला असतो. बोर्ड नवा, कॅबिनेट नवी, आत लाइट, म्हणून बघणाऱ्याला सगळंच नवं वाटतं. पण त्यात रॅम लागते डीडीआर३, जी उद्या नवा बोर्ड घेतलास तर त्यात बसणारही नाही, खाचच वेगळ्या जागी असते. विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही. म्हणजे दोन वर्षांनी यातलं काही म्हणजे काही पुढे नेता येणार नाही, फार तर एसएसडी.

आणि ते २ जीबी ग्राफिक्स कार्ड. दुकानदाराला मॉडेल विचार, जीटी ७१० किंवा ७३० सांगेल. ही २०१४-१६ सालची कार्डं आहेत, स्क्रीनवर चित्र दिसावं एवढ्यासाठी बनवलेली. जीबी ही कार्डावरच्या मेमरीची मोजणी आहे, ताकदीची नाही, गच्चीवरची टाकी मोठी असली म्हणून खालची मोटर मोठी होत नाही. आजच्या चांगल्या प्रोसेसरच्या पोटातच जे ग्राफिक्स असतं ते या कार्डाच्या कितीतरी पुढे आहे, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

तुझ्यासाठी मी एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर सुचवेन. २०२१ चा आहे, ६ कोअर, १२ थ्रेड, आणि शेवटचं जी अक्षर म्हणजे आत ग्राफिक्स आहे. तुला लागणार काय तर जावा, पायथन, डेटाबेस, थोड्या दिवसांनी अँड्रॉइड स्टुडिओ, एखादी व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर), डॉकर. या सगळ्याला कोअर आणि रॅम लागते, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. इंटेलमध्ये जायचं तर आय५-१२४०० पण उत्तम आहे, त्यालाही ६ कोअर, फक्त त्याचं आतलं ग्राफिक्स बरंच हलकं आहे. अभ्यासाला दोन्ही सारखेच, संध्याकाळी मित्रांबरोबर हलकेफुलके गेम खेळणार असशील तर ५६००जी. एक अक्षर मात्र लक्षात ठेव, इंटेलच्या आकड्याशेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स अजिबात नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. रायझन ५ ५५०० चंही तसंच आहे. ही मॉडेलं थोडी स्वस्त पडतात म्हणून मुलं घेतात आणि घरी येऊन काळ्या स्क्रीनपुढे बसतात, मी दरवर्षी बघते.

तुझे सीनियर म्हणतील एएम४ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, ५६००जी याच सॉकेटचा) जुना झाला, एएम५ घे. त्यांचं चूक नाही. एएम५ २०२२ साली आला, २०२७ पर्यंत आणि पुढेही त्याला नवे प्रोसेसर देत राहू असं एएमडीने सांगितलंय, त्यामुळे बोर्ड तोच ठेवून पुढे प्रोसेसर बदलता येईल. पण त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते आणि बोर्डही महाग, तुझ्या ४५ हजारांत तो बसवायला गेलास तर रॅम आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) या दोन ठिकाणी कात्री लागते, आणि तिथे कात्री लावू नये असं माझं ठाम मत आहे. बजेट ६० च्या पुढे असतं तर मी स्वतःच एएम५ म्हटलं असतं.

बोर्ड ए५२० किंवा बी४५० चा चालेल. बी४५० बऱ्याच दिवसांपासून दुकानात पडून असेल तर त्याचं बायोस (बोर्डमधलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) ५६००जी सारखा ५००० सिरीजचा प्रोसेसर ओळखत नाही, बिल करायच्या आधी तिथेच अपडेट करून मागायचं. बोर्डवर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डवर बसवायची जागा) आहे ना, मागे एचडीएमआय आहे ना, आणि रॅमचे स्लॉट किती, एवढं बघ.

आता रॅम, कारण सध्या सगळ्यात अवघड निर्णय तोच आहे. १६ जीबीच्या खाली जाऊ नको, अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा एम्युलेटर आणि ब्राउझरचे दहा टॅब एकदम उघडले की ८ जीबी कधी संपले कळत नाही, शिवाय ५६००जी चं आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी याच रॅममधून घेतं. पण एकच १६ ची स्टिक घ्यायची का ८ च्या दोन? सगळे डोळे झाकून ८-८ सांगतात, कारण दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनेल चालतं, म्हणजे दोन्हीतून एकदम माहिती ये-जा करते, आणि आतल्या ग्राफिक्सला त्याचा खूप फायदा होतो, गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. खरंय ते. पण तुझ्या बोर्डवर दोनच स्लॉट असतील तर ८-८ लावून दोन्ही भरले, पुढे ३२ करायचे झाले तर आहेत त्या काढून विकायच्या. तू मुख्यतः कोडिंग करणार आहेस, मग मी म्हणेन आत्ता १६ ची एक घे, भाव उतरले की तशीच दुसरी. कोड कंपाइल होताना एका स्टिकचा तोटा फारसा जाणवत नाही. गेम महत्त्वाचे असतील तर ८-८. हे तुझं तुलाच ठरवावं लागेल.

एसएसडी ५०० जीबीच्या आसपासची. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई (बोर्डशी जास्त वेगाने बोलणारी) जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीची, ३५०० पर्यंत जाते, ऐकायला फरक प्रचंड वाटतो, पण रोजच्या वापरात खरी उडी आहे ती हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे. हार्ड डिस्क दीडशेच्या आसपास, आणि बारीकबारीक फाइली वाचताना तर तेवढंही नाही. ५६००जी जेन ३ च्याच वेगाने चालतो त्यामुळे जेन ४ ची एसएसडी लावली तरी वेग जेन ३ चाच, तिचे जादा पैसे देऊ नको. ओळखीची कंपनी आणि पाच वर्षांची वॉरंटी बघून घे, तीनची असली तरी हरकत नाही.

मॉनिटर २२ किंवा २४ इंची, आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसतात), फुल एचडी. रोज सहा-आठ तास तू याच्याकडेच बघणार आहेस तेव्हा डोळ्यांचा विचार कर, पैसे कमी पडत असतील तर ऑफिसातून निघालेला चांगल्या कंपनीचा आयपीएस मॉनिटर सेकंडहँड घेतलास तरी चालेल, सेकंडहँड घ्यायला मला सगळ्यात कमी भीती वाटते ती याचीच. दुकानात पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून ठिपके, डाग बघून घ्यायचे. आणि कॅबिनेटमधल्या लाइटला एक पैसाही देऊ नको, पुढून जाळी आहे का आणि हवा खेळती राहते का तेवढं बघ.

प्रश्न : नमस्कार ताई. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला आहे, तिला घरी कॉम्प्युटर घेऊन द्यायचाय. आमच्याकडे लाइट सारखी जाते, व्होल्टेज कमीजास्त होतं, पावसाळ्यात तर विचारू नका. दुकानदाराने कॅबिनेटबरोबरच एसएमपीएस फुकट दिलाय. यूपीएस घ्यावा का स्टॅबिलायझर? घरात इन्व्हर्टर आहे.

नमस्कार सर. तुमच्या पत्रातला फुकट हा शब्द वाचला आणि तुमचं उत्तर आधी लिहायला घेतलं.

मी २००९ साली नाशिकला डिप्लोमा करत होते तेव्हा बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून मला कॉम्प्युटर घेऊन दिला होता. प्रोसेसर, बोर्ड सगळं विचारून विचारून घेतलं, एसएमपीएस मात्र कॅबिनेटच्या आत बसवूनच आला होता, त्याच्यावर ५०० वॉट लिहिलं होतं, तेवढं बघून आम्ही खूश. आठ महिन्यांनी एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली, आणि आली तेव्हा आतून बारीक फट्‌ असा आवाज आला आणि जळका वास. एसएमपीएस गेला त्याचं काही वाटलं नसतं, पण जाताना तो बोर्ड घेऊन गेला आणि हार्ड डिस्क पण घेऊन गेला, आणि हार्ड डिस्कवर माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. सबमिशनला नऊ दिवस राहिले होते. दुकानदार म्हणाला जळलेल्या मालाला वॉरंटी नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू होते. ते नऊ दिवस मी मैत्रिणीच्या घरी बसून सगळं परत टाइप केलं. तेव्हापासून मला कोणीही बजेट सांगितलं की मी आधी एसएमपीएसचे पैसे बाजूला काढायला सांगते आणि उरलेल्यात बाकीचं बसवते.

चांगला एसएमपीएस काय करतो तर व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं किंवा आत शॉर्ट झालं की स्वतः बंद पडतो आणि पुढचा माल वाचवतो. स्वस्तातल्यात हे संरक्षण नावाला असतं किंवा नसतंच. ओळखायचं कसं? एक म्हणजे हातात घेऊन वजन बघा, पोकळ, हलका वाटला तर नको. दुसरं, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या लाइनवर किती वॉट मिळतात ते वाचा. ४५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळे वॉट १२ व्होल्टवरच मिळतात, कारण आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही तिथूनच घेतात. बाहेर मोठा आकडा आणि आत १२ व्होल्टवर त्याच्या निम्मे, तर तो आकडा खोटा. ८० प्लस ब्राँझ असं लिहिलेलं असतं ते वीज किती वाया जात नाही याचं माप आहे, ते असावं, पण तेवढ्यावरून दर्जा ठरत नाही, वॉरंटी बघा, तीन नाहीतर पाच वर्षांची असेल तर कंपनीला स्वतःच्या मालाची खात्री आहे असं समजायचं. तुमच्या मुलीच्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो पूर्ण जोरात चालला तरी शंभर-सव्वाशे वॉटच्या आसपास खातो, त्यामुळे ४५० चा भरपूर झाला. फुकटवाला दुकानदाराला परत द्या आणि कॅबिनेटचे पैसे थोडे कमी करून मागा.

यूपीएस घ्या. ६०० व्हीएचा पुरेल. व्हीए म्हणजे वॉट नव्हे, ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, आणि तुमचा कॉम्प्युटर मॉनिटरसकट दीडशेच्या आत, म्हणजे लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करून शांतपणे बंद करायला वेळ मिळतो. यूपीएसला प्रिंटर लावू नका. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तेव्हा पूर्ण यूपीएस टाकून न देता फक्त बॅटरी बदलून घ्यायची. हल्लीच्या बहुतेक यूपीएसमध्ये व्होल्टेज सांभाळायची सोय असतेच, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. घरच्या इन्व्हर्टरला मागच्या बाजूला यूपीएस मोड असं बटण आहे का बघा, बऱ्याच इन्व्हर्टरना असतं, ते चालू असलं की लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लवकर उचलतो आणि कॉम्प्युटर बंद पडत नाही. तसं असेल तर यूपीएस महिना-दोन महिने मागे ढकलता येईल.

पण सर, या सगळ्याच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, मग कितीही महागाचं यंत्र आणा. आणि कोकणात जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा होतात तेव्हा स्विच बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढायचा, आणि ब्रॉडबँडची तांब्याची वायर असेल तर ती पण काढायची, वीज त्या वायरीतूनही येते. आकाशातल्या विजेपुढे यूपीएसचं काही चालत नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरला आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. सीनियर म्हणतात ग्राफिक्स कार्डशिवाय काही खरं नाही, रेव्हिट, स्केचअप, लुमिऑन सगळं लागतं. बजेट ७० हजार, मॉनिटर आहे. कुठलं कार्ड घेऊ?

कार्ड लागणार हे खरं, पण आत्ताच लागणार हे खरं नाही. पहिल्या वर्षी तुझं बरंचसं काम ड्रॉइंग बोर्डवर हाताने चालतं, नंतर ऑटोकॅड आणि स्केचअप येतं, आणि लुमिऑनसारखं रेंडरिंग (मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र बनवणं) त्याच्याही नंतर. कोर्स पाच वर्षांचा आहे. आज घेतलेलं कार्ड ज्या वर्षी खरं कामाला लागेल तोवर तेवढ्याच पैशात त्याहून बरं मिळत असतं.

म्हणून तुझ्या पैशाचे दोन भाग कर. आत्ता आय५-१२४०० घे, एफ नसलेला, म्हणजे कार्डाशिवाय चालेल, ३२ जीबी परवडली नाही तर १६ जीबी रॅम पण चार स्लॉटचा बोर्ड, १ टीबी एसएसडी आणि एसएमपीएस मात्र आजच ५५० किंवा ६५० वॉटचा, म्हणजे कार्ड आलं की बाकी काही उघडावं लागणार नाही. रेव्हिट आणि स्केचअपचं मॉडेलिंगचं बरंच काम एकाच कोअरच्या वेगावर चालतं, तिथे हा प्रोसेसर छान आहे. उरलेले पैसे बँकेत राहू दे.

दोन वर्षांनी कार्ड घेशील तेव्हा मेमरी ८ जीबीच्या खाली नको, लुमिऑनमध्ये झाडं, माणसं, टेक्स्चर टाकत गेलं की ४ जीबीचं कार्ड गुदमरतं. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड सेकंडहँड बाजारात विद्यार्थ्यांना चांगलं पडतं. नावावर जाऊ नको, आरटीएक्स ३०५० चं उदाहरण घे, ८ जीबीचं आणि ६ जीबीचं अशी दोन कार्डं त्याच नावाने विकली जातात, आणि फरक फक्त मेमरीचा नाही, ६ वाल्यात कोअरही कमी आहेत आणि मेमरीचा रस्ताही अरुंद आहे. सेकंडहँड कार्ड घेताना विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या मशीनवर अर्धा तास काहीतरी जड चालवून बघायचं, पंख्याचा आवाज, तापमान, स्क्रीनवर फरकाटे येतात का. चालवून दाखवत नाही म्हणाला तर उठून यायचं.

आणि ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड आणि रेव्हिट फुकट देतं, कॉलेजचं ओळखपत्र दाखवून वर्षावर्षाने मुदत वाढवून मिळते. पेनड्राइव्हवरची क्रॅक कॉपी कोणाकडून घेऊ नको, त्यातून आलेल्या व्हायरसने सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्या फाइली गेलेल्या मुली मला माहीत आहेत.

प्रश्न : जळगावात बी.कॉम. करतो, सोबत एमपीएससीचा अभ्यास. टॅली, एक्सेल, ऑनलाइन लेक्चर एवढंच काम. बजेट जेमतेम १५-१६ हजार. रिफर्बिश्ड ऑफिसवाला डेस्कटॉप घेतला तर फसेन का?

नीट बघून घेतलास तर फसणार नाहीस, उलट तुझ्या कामाला आणि बजेटला हाच रस्ता बरोबर आहे. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर ही मशीनं ऑफिसांसाठी दणकट बनवलेली असतात, कंपन्या काही वर्षांनी एकगठ्ठा बदलतात आणि ती बाजारात येतात.

पिढी मात्र आठवी किंवा त्यापुढचीच घे, म्हणजे आय५-८५०० असा आकडा. कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृत चालतं. सहाव्या पिढीचं मशीन दोन-तीन हजारांनी स्वस्त दाखवतील, त्यावर विंडोज ११ जुगाड करून टाकूनही देतील, पण पुढे कुठल्या अपडेटला अडेल याची जबाबदारी कोणी घेत नाही. बँकेचे व्यवहार, परीक्षेचे फॉर्म तू त्याच मशीनवरून भरणार ना. आय५-८५०० ला ६ कोअर आहेत, तुझ्या कामाला भरपूर.

दुकानात बसून एवढं करून बघ: क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर ने, एसएसडी किती टक्के शिल्लक आहे ते दाखवतं, ८० च्या खाली असेल तर बदलून माग. बायोसमध्ये शिरून बघ, जुन्या ऑफिसचा पासवर्ड असेल तर काढून घे, तो नंतर कोणी काढून देत नाही. सगळे यूएसबी पोर्ट पेनड्राइव्ह लावून बघ. या मशीनची एक मर्यादा आहे, बऱ्याचशांमध्ये एसएमपीएसचं कनेक्टर कंपनीचं स्वतःचं असतं, बाजारातला साधा बसत नाही, आणि आडव्या लहान डब्यात ग्राफिक्स कार्डही फक्त बुटकं बसतं. म्हणजे हे मशीन वाढवता येत नाही, आहे तसं वापरायचं. तुला चालेल. इंजिनिअरिंगवाल्याला मी नाही सांगणार.

टॅली विंडोजवरच चालतं म्हणून तुला विंडोज लागेल. मशीनबरोबर आलेलं लायसन्स बहुतेक वेळा बोर्डमध्येच नोंदलेलं असतं, सेटिंगमध्ये जाऊन ॲक्टिव्हेटेड दिसतंय ना तेवढं दुकानातच बघ.

प्रश्न : मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन घेऊ का ऑनलाइन? आणि स्वतः जोडता येईल का? मी कधी स्क्रू ड्रायव्हर पण हातात धरला नाही. (बदलापूर, बी.एससी. आयटी, दुसरं वर्ष, मुलगी)

येईल, नक्की येईल. दोन्हीकडचे भाव एका कागदावर मांड, ऑनलाइन स्वस्त पडतं ते ऑनलाइन घे, पण प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम हे तीन शक्यतो एकाच दुकानातून घ्यावेत, डिस्प्ले आला नाही तर तिघांपैकी कोण बिघडलंय ते शोधायला दुकानदारच मदत करतो, नाहीतर तीन कंपन्यांमध्ये तुझी ढकलाढकल होते. लॅमिंग्टन रोडला जायचं तर कामाच्या दिवशी जा, रविवारी बरीच दुकानं बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत पाच-दहा मिनिटं. पहिल्या दिवशी फक्त तीन-चार दुकानांतून लेखी कोटेशन घ्यायचं, प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल लिहून, आणि घरी यायचं. "आजच घेतलं तर हा भाव" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशीही बहुतेक तोच भाव असतो. बिल जीएसटीचं, सीरियल नंबरसकट, कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागायला गेलं की कोणी ओळख देत नाही. प्रोसेसरचा डबा सीलबंद असू दे.

जोडताना घाई नको, दुपारचा निवांत वेळ घे. एएम४ च्या प्रोसेसरला पिना असतात, त्या वाकल्या तर जीव हळहळतो, म्हणून कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, आपोआप बसतो. इंटेलच्या पिना बोर्डवर असतात, तिथे सॉकेटला बोटही लावायचं नाही. बरोबर आलेल्या पंख्याला खाली पेस्ट लावलेली असते, वेगळी घेऊ नको. रॅमच्या दोन स्टिक आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, आणि दोन्ही बाजूंनी कट्‌ आवाज येईपर्यंत दाबायची, इथे जोर लागतो, घाबरू नको. प्रोसेसरची विजेची वेगळी वायर असते बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, ती नवीन माणूस हमखास विसरतो, पंखे फिरतात पण स्क्रीन येत नाही.

पहिल्यांदा चालू करून स्क्रीन आलीच नाही तरी रडायला येऊ देऊ नको, दहांतल्या सात वेळा रॅम नीट बसलेली नसते, काढून परत लाव. आली की लगेच बायोसमध्ये जा आणि दोन गोष्टी बदल. रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू कर, बोर्डवर त्याला डीओसीपी पण म्हणतात, नाहीतर ३२०० ची घेतलेली रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते आणि वर्षानुवर्षं कळतही नाही. आणि व्हर्च्युअलायझेशन चालू कर, एएमडीच्या बोर्डात त्याला एसव्हीएम म्हणतात, बऱ्याच बोर्डांत ते बंदच येतं, आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला व्हर्च्युअल मशीन उघडायला गेलीस की एरर येईल ती त्याच्यामुळे. सगळे डबे आणि बिलं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेव, आईला आधीच सांगून, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात.